टेबलावरचं शेवटचं लेकरू

खंडारे सरांच्या लग्नातला कोट सरांनी स्वतः किती वेळा घातला, कोण जाणे. पण आमच्या शाळेतल्या झाडून सगळ्या पोरांनी तो घातला आहे. पहिलीतल्या पोरींनीसुद्धा. निळा, जाड कापडाचा, सोनेरी बटणांचा कोट. लग्नानंतर सर पोटाने वाढले, कोट काही वाढला नाही. मग त्यांनी मेडशीच्या टेलरकडून तो कापून पाचवीच्या पोराच्या मापाचा करून घेतला. टेलर म्हणे दोन दिवस कात्री लावायला तयार नव्हता. "गुरुजी, वहिनीले इचारलं का?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता. वहिनींना विचारलेलं नव्हतं, हे पुढे वहिनींनीच मला सांगितलं.

कोट वर्षातून एकदाच पेटीतून निघायचा, जानेवारीत. स्नेहसंमेलनाच्या आधीचा आठवडा हा आमच्याकडे फोटोंचा आठवडा. व्हरांड्यात पांढरी चादर ताणायची, पुढे स्टूल ठेवायचं आणि एकेका पोराला पावडर फासून, तेल लावून भांग पाडून, कोटात घालून स्टुलावर बसवायचं. कॅमेरा सरांचा स्वतःचा. पाचवीच्या पोराला कोट बरोब्बर. त्याहून लहान असेल तर मागून कपड्यांचे चिमटे लावून तो आवळायचा. पहिलीच्या पोराला सात-आठ चिमटे लागत. पुढून बघावं तर साहेब, मागून बघावं तर दोरीवरचं धुणं. चिमटा पाठीत टोचला की पोरगं आपोआप ताठ बसायचं.

"सर, टोचून राह्यलं!"

"टोचू दे बाबू. कलेक्टरलेही टोचते. हास आता!"

कलेक्टरलाही टोचतं हे ऐकून पोरगं हसायचं, आणि तेवढ्यात खटका.

मी एकदा विचारलं होतं, कोटच कशाला? स्वच्छ गणवेशात काढा की फोटो. सर म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी भिंतीवर एकच फोटू होता. कोटातला. मले लहानपणी वाटे, का फोटू काढाचा म्हणजे कोट पायजेच." फोटो कोणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मला विचारावंही लागलं नाही.

मी मूळची नाशिककडची. नवऱ्याच्या नोकरीपायी वाशीम जिल्ह्यात आले आणि इथलीच होऊन गेले. मेडशीच्या अलीकडच्या गावातल्या या सातवीपर्यंतच्या शाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले, तेव्हा माझा राग नाकाच्या शेंड्यावर असे. अजूनही फार खाली उतरलाय अशातला भाग नाही. पहिल्याच वर्षी स्नेहसंमेलनाला बघते तर काय, पटांगणात लांबलचक टेबल, त्यावर साठ-पासष्ट पोरांचे कोटातले फोटो, प्रत्येकाला पुठ्ठ्याची चौकट आणि सोनेरी कागदाची किनार. टेबलामागे आमचे खंडारे सर भाजीवाल्याच्या वरताण ओरडत होते, "घ्या, घ्या! तुमचंच लेकरू आहे! मांगून म्हणू नका का दुसऱ्यानं नेलं!"

माझं डोकंच फिरलं. त्यांना तडक ऑफिसात बोलावलं. म्हटलं, "सर, ही शाळा आहे की आठवडी बाजार? फोटो द्यायचे तर फुकट द्या. विकायचे कशाला? उद्या कोणी तक्रार केली म्हणजे चौकशी माझ्या मागे लागायची."

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, फुकट देल्लं तं थे पेटीत जाते. इकत घेतलेला फोटू भिंतीवर लागते. अन् पोट्टं पाह्यत असते ना."

"काय पाहत असतं?"

"आपल्यासाठी कोणं खिशात हात घातला, थे."

मी आणखी चिडले. म्हटलं, शाळा समितीची लेखी परवानगी आणा, मग बघू. सरांनी वरच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. सगळ्यांच्या सह्या होत्या. वर दोन अंगठेही होते. कागदावर तारीख महिनाभर आधीची होती.

आता किंमत म्हणाल तर चहा आणि प्लेटभर भजी, इतकीच. त्यातून छपाईचा आणि पुठ्ठ्याचा खर्च निघायचा. एका आजीबाईंनी नातीच्या फोटोबद्दल लाल भोपळा दिला. सरांनी तो गंभीर चेहऱ्याने माझ्या टेबलावर, हजेरीच्या रजिस्टरशेजारी आणून ठेवला. मी त्यांना जे बोलायचं ते बोलले. दुसऱ्या दिवशी तो भोपळा खिचडीत गेला आणि पोरांनी दोनदा वाढून घेतली.

विकण्याची त्यांची पद्धत बघत राहावी अशी होती. अलीकडे तरुण बाप येत आणि म्हणत, "काय करता सर फोटू घेऊन? आमच्या मोबाईलमधी हजार फोटू हायेत."

"असं? दाखव बरं याचा एक."

बाप मोबाईल काढून शोधायला लागे. ट्रॅक्टर निघे, बैलजोडी निघे, मेव्हण्याचं लग्न निघे, सोयाबीनच्या गंजीपुढे काळा चष्मा लावलेला तो स्वतः निघे. सर हात पुढे करून उभेच. शेजारी पोरगंही टाचा उंच करून मोबाईलमध्ये बघत उभं. शेवटी बाप ओशाळून म्हणे, "द्या सर, द्या."

पण खरी गंमत पुढेच असे. सरांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी ते मला दरवर्षी संध्याकाळपर्यंत वेठीला धरत. टेबलावर एकही फोटो उरता कामा नये. एकही म्हणजे एकही. आईबाप पुण्याकडे कामाला गेलेले असोत, आजारी असोत, भांडून बसलेले असोत. त्या पोराचा फोटो कोणीतरी येऊन, हात पुढे करून उचलायचा, आणि तो त्या पोराच्या डोळ्यांदेखत उचलायचा. एकदा एका पोरीचं घरचं कोणीच आलं नव्हतं. सर शाळेच्या फाटकासमोर उभ्या असलेल्या एसटीकडे धावत गेले आणि ड्रायव्हरला खाली उतरवून घेऊन आले. तो त्या पोरीच्या आईचा लांबचा मामेभाऊ होता. हे नातं त्या ड्रायव्हरलाही तोवर माहीत नव्हतं. गाडीतले प्रवासी खिडक्यांतून बघत होते. ड्रायव्हरने फोटो घेतला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे कायम ती गाडी शाळेसमोर आली की दोनदा हॉर्न वाजायचा.

"तुम्हीच का नाही विकत घेत उरलेले?" मी वैतागून म्हणाले होते. "काय मोठे पैसे आहेत!"

"मास्तरनं घेतला तं पोट्ट्याले कळते, मॅडम. थे हुशार असते."

या सगळ्यात सर्वांत मोठा घोळ कोणी घातला असेल, तर तो मी घातला. गावात आनंदराव म्हणून मोठे शेतकरी. मोतीबिंदू पिकलेला, पण ऑपरेशनला भिणारे. ते स्नेहसंमेलनाला सकाळीच आले. सर तेव्हा नाचाच्या पोरांना फेटे बांधत होते, म्हणून टेबलाशी मी होते. आनंदरावांनी एका फोटोवर बोट ठेवलं, "हा माहा नातू, ओम. द्या बरं." मी दिला. सगळी पोरं एकाच कोटात, एकच पावडर, एकच भांग. मी तरी काय ओळखणार!

संध्याकाळी टेबलावर एकच फोटो उरला. ओमचा. आणि टेबलासमोर सिद्धांत नावाचा तिसरीतला पोरगा आईचा पदर धरून उभा. त्याची आई मजुरी आटोपून तशीच धावत आली होती, हातापायांवर शेतातली माती. तिला पोराचा फोटो हवा होता आणि फोटो नव्हता. सिद्धांतच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"चाला," सर म्हणाले. ओमचा फोटो बगलेत मारून ते पुढे, सिद्धांत आणि त्याची आई मध्ये, आणि सर्वांच्या मागे मी, मान खाली घालून. आनंदरावांच्या घरी पोचतो, तर सिद्धांतचा फोटो बैठकीत भिंतीवर लागलेलासुद्धा! सरांनी समजावून सांगितलं. आनंदरावांनी भिंतीला नाक लावून फोटो पाहिला, मग सिद्धांतला जवळ ओढून त्याचा चेहरा पाहिला, मग पुन्हा फोटो.

"हाव गा गुरुजी. हा तं हाच हाये."

"मंग उतरवता का? हा घ्या तुमचा ओम."

आनंदराव एकदम उखडले. "उतरवू? घरात आलेलं लेकरू भिंतीवरून खाली उतरवू? कायचं बोलून राह्यले तुमी! ओमचाही आणा इकडं. अवं, दुसरा खिळा आण वं!"

आतून त्यांची कारभारीण खिळा घेऊन आली. तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा उंबऱ्याबाहेर थांबलेल्या सिद्धांतच्या आईकडे. सिद्धांतचं घर बौद्ध वस्तीतलं आणि त्या वस्तीतलं कोणी या घरात ओसरीच्या पुढे आलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. सरांना ते माहीत होतं. ते नुसते उभे होते.

"ये ना वं आत," कारभारीण म्हणाली. "पोरगं भिंतीवर बसलं अन् माय बाहीर काहून?"

मग तिळाचे लाडू आले, चहा आला. सिद्धांतच्या आईला आठवड्याने दुसरी प्रत छापून मिळाली, तिचा खर्च अर्थातच माझ्याकडून वसूल झाला. पहिली प्रत आजही आनंदरावांच्या बैठकीत ओमशेजारी आहे. कोणी पाहुण्याने विचारलं, तर ते सांगतात, "हा फोटूत आलेला नातू." त्या दिवशी परत येताना सर रस्ताभर शिट्टी वाजवत होते आणि सूर एकही धड नव्हता.

टेबलावर एकही फोटो उरू द्यायचा नाही, असं का, हे मला एकदाच कळलं. चौकटींना सोनेरी कागद चिकटवत आम्ही दोघं वर्गात बसलो होतो. हाताला डिंक लागलेला. सर सहज बोलावं तसं बोलले.

"मी तिसरीत होतो, किन्हीराजाले. शाळेत एक फोटूवाला आला होता सायकलवर. सगळ्याइचे फोटू काढले अन् गॅदरिंगच्या दिवशी असेच टेबलावर मांडले. माय म्हणे, कापूस येचून येतो अन् घेतो. मी सकाळपासून टेबलापाशी उभा. एकेक फोटू उचलला जाये. शेवटी मी एकटाच राह्यलो. टेबलावरही अन् टेबलाम्होरही." सर हसले. "त्यानं फोटू पेटीत टाकला, पेटी सायकलले बांधली अन् गेला. माय आली तवा अंधार पडला होता. मजुरीचे पैसे मुठीत होते तिच्या."

"मग?"

"मंग काय! कोणाच्या तरी पेटीत मी अजून तिसरीतच हाये, मॅडम. द्या थो कागद इकडं."

मायजवळ पुन्हा कधी तो विषय काढला नाही, असंही म्हणाले. तिला आठवतही नसेल, म्हणाले.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी पोरांनी हट्ट धरला, यंदा सरांचाही फोटो टेबलावर हवा. सर ऐकेनात. हातच झटकत. "मले कोण इकत घेईन? टेबलावर राह्यलो तं पुन्हा?" म्हणायचे हसत, पण हसण्यात हसू नव्हतं. मी शेवटी मुख्याध्यापिकेचा आवाज लावला, "हा आदेश आहे, सर." मग स्टुलावर बसले. कोट अंगात जाणं शक्य नव्हतं. पोरींनी तो त्यांच्या छातीवर पुढून धरला आणि मागे शर्टाला डझनभर चिमटे लावून टाकले. सातवीच्या पोरीने खटका दाबला. "सर, टोचून राह्यलं का?" सगळी शाळा ओरडली.

आणि मी मनातल्या मनात एक बेत रचला. सरांची आई, वय अठ्ठ्याहत्तर, किन्हीराजाला सरांच्या धाकट्या भावाकडे राहते. मी भावाला फोन केला. म्हटलं, सरांना काही सांगू नका, आईंना दुपारच्या गाडीने पाठवा. सरांचा फोटो त्याच घेतील. आणि गावात सगळ्यांना दम भरला, सरांच्या फोटोला कोणी हात लावायचा नाही.

आता माझी अक्कल बघा! दुपारची गाडी आली, आजी नाहीत. तीन वाजले. नाच झाले, नाटुकलं झालं, टेबल भराभर रिकामं होत गेलं. चार वाजले. आणखी एक गाडी आली, त्यातूनही नाहीत. भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "माय तं बाराले निघाली!" टेबलावर आता एकच फोटो. सरांचा. सर आधी विनोद करत होते, "शिळा माल हाये, कोण घेते!" मग विनोद संपले. मग ते खुर्च्या उचलू लागले. टेबलाकडे पाठ करून.

माझा दम तेवढा न पोचलेले आनंदराव काठी टेकत आले. ऑपरेशन झालेलं, आता लख्ख दिसायचं. "काय मॅडम, गुरुजीचा फोटू द्या. कोणं घेतला नाही? शरम हाये का गावाले?"

"नाही देता येत," मी पुटपुटले.

"काहून?"

"नाही म्हटलं ना, आनंदराव! जा तुम्ही!"

सरांनी ते ऐकलं. हातातली खुर्ची त्यांनी हळूच खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला परवडलं असतं. अख्ख्या नोकरीत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मला रडूच फुटायला आलं. आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडणार, तोच फाटकासमोर गाडी थांबली आणि दोनदा हॉर्न वाजला.

कंडक्टरने हाताला धरून एका म्हातारीला खाली उतरवलं. पांढरं पातळ, खांद्याला कापडी पिशवी. उतरल्या उतरल्या ती धावायला लागली. धावणं कसलं, गुडघे वाकत नव्हते, पण धावतच होती ती. पोरांनी वाट करून दिली. टेबलापाशी येऊन, धापा टाकत ती मला म्हणाली,

"बाई, गेला तं नाही ना वं थो फोटूवाला?"

सर जागच्या जागी खिळले. मी मानेनेच नाही म्हटलं.

"लेट झाला मले. रस्त्यात मालेगावले उतरली, म्हटलं खिळा घ्यावा. आमच्या लहान्या पोराची भिंत सिमेटची हाये, साधा खिळा वाकते. चार दुकानं फिरली तवा भेटला." तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला खिळा काढून टेबलावर ठेवला. मग फोटो उचलला. पदराने पुसला. बराच वेळ बघत राहिली. "हा माहा परल्हाद. किती झाले?"

मी म्हटलं, "आई, तुमच्याकडून काही नको."

"नको मंजे? फुकट नाही पायजे मले. तवाही पैसे होते माह्या मुठीत." आणि पदराची गाठ सोडता सोडता तिचा आवाज बदलला. "पण बाई, कमी कर काई. केसं पांढरे आले याचे."

सगळं पटांगण हसलं. सर हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम, आणि बारा चिमट्यांनी आवळल्यासारखे ताठ उभे होते. मी भाव अर्धा केला. आनंदराव टाळ्या वाजवत सुटले.

संध्याकाळच्या गाडीने मायलेक निघाले. आम्ही सगळे फाटकाशी. आजींना खिडकीची जागा मिळाली, फोटो मांडीवर उभा धरलेला, तोंड बाहेर आमच्याकडे. सरांना जागा नव्हती, ते शेजारी दांडीला धरून उभे राहिले, हातात खिळ्याची पुडी. कंडक्टर आला. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटीत तिकीट नसतं, म्हणून तो म्हणाला, "आजी, तुमाले काई लागत नाही."

"मले माईत हाये," आजी म्हणाल्या. त्यांनी उरलेले पैसे पुढे केले आणि मानेनेच सरांकडे खूण केली. "या पोराचं हाफ फाड."

कंडक्टरने फोटोकडे पाहिलं, मग वर सरांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं माझ्याशी एका शब्दाने न हरलेला हा माणूस काहीही न बोलता, आज्ञाधारकपणे मान खाली घालून हाफ तिकिटाची वाट बघत उभा होता.